उथळ पाण्यात हळू जायचं नाही

वन्सं,

उथळ पाण्यात आपल्याला जोरात जाता आलं ते माझ्या पुस्तकामुळे की धोंडिबा आबांमुळे, हा वाद आपण सतरा वर्षं चालवला आणि तुम्ही तो मधेच टाकून गेलात. मागच्या महिन्यात खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा तुम्ही म्हणालात, "नलिनी, पुस्तकाला खडक ठाऊक नसतात." मी उत्तर देणार होते, तेवढ्यात तुमचा डोळा लागला. आता माझ्याजवळ चांगलं तीन मुद्द्यांचं उत्तर तयार आहे आणि ऐकायला तुम्ही नाही. हे काही बरोबर केलं नाहीत.

काल तुमचा दहावा झाला. आज सकाळी मी टेबल आवरलं, पेनात शाई भरली आणि बसले. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठे झालं, नोकरी किती वर्षं केलीत, हे तुमच्या भावाने एका कागदावर व्यवस्थित लिहून काढलं आहे. ते तिथेच असू दे. मी लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, तिकडे लांब बर्फात राहणारी. त्यांच्या घरी तुमचा एकच फोटो आहे. पांढरं नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ, घट्ट मिटलेले ओठ. मंजिरीने मला पत्रात विचारलं होतं, "या आजी नेहमी रागावलेल्या असायच्या का?" मी तिला उत्तर लिहिलं नाही, कारण ते एका ओळीत मावणारं नव्हतं. हे घ्या उत्तर.

तेव्हा आम्ही लोणावळ्यात होतो, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुम्ही कामशेतच्या बाजूला दवाखान्यात नर्स होतात आणि आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणं तुमच्याच हातून व्हायची. नदीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी उंबरवाडी, ठाकरांची पंचवीस घरं. उन्हाळ्यात इंद्रायणी ओलांडून तिथे चालत जाता येई. पण आषाढ लागला की नदी पात्रातून उठायची आणि दोन्ही अंगांच्या भातखाचरांत पसरायची. मधली धार तेवढी जोराची. बाकी पाणी कुठे गुडघ्याएवढं, कुठे घोट्याएवढं. चालत जावं तर धार ओढून नेणार, होडी घालावी तर ती बांधाबांधाला अडून बसणार. चार महिने वाडी तिकडे आणि तुम्ही इकडे.

एका पावसाळ्यात वाडीच्या लोकांनी बांबूला पांढरं धोतर बांधून उभं केलं होतं. ती तुमच्यासाठीची खूण. वाडीतल्या हौसाची थोरली जाऊ बाळंतपणात अडली होती. तुम्ही बॅग घेऊन या काठावर उभ्या होतात आणि पलीकडच्या म्हाताऱ्यांना ओरडून सांगत होतात, तिला कुशीवर वळवा, पाणी उकळा, असं करा, तसं करा. वारा ते सगळं भलतीकडे घेऊन जात होता. संध्याकाळी त्यांनी धोतर उतरवलं. तुम्ही लोणावळ्याला आमच्याकडे आलात, दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणालात, "पुढच्या पावसाळ्यात मी त्या काठावर उभी राहणार नाही." मला वाटलं, तुम्ही बदली मागताय.

आणि थंडीत तुम्ही बोट विकत घेतलीत.

कुठल्याशा धरणाच्या सर्व्हेसाठी परदेशी साहेब आले होते, ते जाताना ती सोडून गेले होते. सरकारी लिलावात जुने जनरेटर, तंबू आणि गंजलेले पाइप यांच्यामध्ये ती पडली होती. लिलावाला आलेली एकटी बाई तुम्ही. तुमच्याविरुद्ध बोली लावायला कुणाला सुचलंच नाही म्हणे. वलवणच्या रस्त्यावर सदू मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथे ट्रकमधून ती उतरली तेव्हा तुमचे भाऊ ऑफिसच्या कपड्यांतच धावत गेले.

"आक्का, हे काय आणलंस?"

"बोट."

"ॲल्युमिनियमची? हिच्यात तर अख्ख्या गावाचा भात शिजेल."

"शिजव मग."

त्यांनी वाकून मागे पाहिलं. "पण हिला पंखा कुठे आहे?"

"नाहीये. म्हणून तर आणली."

मुलांनो, नेहमीच्या मोटारबोटीला मागे पाण्यात पंखा असतो, आणि तो खडकाला लागला की संपलं. या बोटीचा पंखा आत, पोटात. बोटीच्या तळाला एक जाळी. तिच्यातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. त्या फेकण्याच्या जोरावर बोट पुढे पळते. खाली लोंबणारं काहीच नाही, त्यामुळे वीतभर पाण्यातही ती जाते. साहेबांनी ती उथळ नद्यांसाठीच बनवली होती. वन्संना हे कुणी सांगितलं नव्हतं. लिलावाच्या आवारात ती उताणी पडली होती, तिचा गुळगुळीत तळ पाहून त्यांना आपोआप कळलं.

तिचं इंजिन मात्र मेलेलं होतं. दोन पावसाळे पाणी पिऊन ते आतून असं धरलं होतं की सदू मिस्त्रीने चार हात लांब पहार घालून पाहिलं, तरी हललं नाही. त्याचा एकही पार्ट या देशात मिळणार नव्हता. पण बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, उंदरांनी एका कोपऱ्यात खाल्लेलं. आणि अशा रीतीने या कारभारात माझी नेमणूक झाली. दर शनिवारी शाळा सुटली की मी गॅरेजात डब्यावर बसून मोठ्याने वाचायची, मराठी करून सांगायची आणि समासात पेन्सिलीने लिहायची. तुम्ही दवाखाना आटोपून पॅसेंजरने यायचात आणि माझ्या मागे उभ्या राहायचात.

"मास्तरीणबाई, गिअर कुठल्या पानावर आहेत?" सदूने पहिल्याच दिवशी विचारलं.

"गिअर नाहीत."

"नीट बघा. एखादं पान चिकटलं असेल."

"नाहीत म्हणतंय पुस्तक. इंजिन थेट पंपाला जोडायचं."

"आणि मागं कसं जायचं?"

मी पुढचं पान वाचलं. मागच्या तोंडावर एक झाकण होतं. ते खाली पाडलं की बाहेर पडणारं पाणी उलटं पुढे वळतं, आणि बोट मागे सरते. इंजिन त्याच दिशेने फिरत राहतं.

सदूने ते झाकण हाताने वरखाली करून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तोंड दाबलं की माघार. नर्सबाई, हे आमच्या घरी बायकोला नका सांगू."

तुम्ही इतक्या हसलात की गॅरेजातली पोरं काम टाकून बघायला आली. मंजिरी, तुझ्या पत्राचं उत्तर हे.

सदूने एका मोडीत निघालेल्या जीपचं इंजिन आणलं. ते बोटीत बसेना. आधी उंच झालं. मग त्याचा आणि पंपाचा आस जुळेना, चालू केलं की सगळी बोट दाढ दुखल्यासारखी थरथरायची. सदूने सागवानाच्या दोन तुळया आडव्या टाकल्या आणि पातळ पत्रे सरकवत सरकवत ते केसभर खाली, केसभर वर आणलं. रेडिएटर काढून टाकला, कारण पंपातलंच थोडं पाणी रबरी नळीने इंजिनात फिरवून ते थंड ठेवायचं, असं पुस्तकात होतं. "नदीच आपला रेडिएटर," सदू म्हणाला, आणि रेडिएटर विकून त्याने सगळ्यांना भजी खिलवली. मी त्याला दर वेळी बजावायची, पाण्याशिवाय पंप फिरवू नकोस. एकदा माझी पाठ वळली असताना त्याने फिरवला, आणि जी किंचाळी निघाली तिने शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून वलवणपर्यंत गेली.

वैशाखात बोट नदीवर आली. धोंडिबा आबा तिथेच भेटले. मूळचे कोळी, जन्मभर होडी चालवलेली, आणि आता तीही नसलेली. मी बोटीत चाकाजवळ एक पुठ्ठा चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत तीन नियम. एक, वळताना इंजिनाचा जोर कमी करू नये. पाणी फेकणं थांबलं तर बोट वळतच नाही. दोन, उथळ पाण्यात वेग कमी करू नये. वेगात बोट पाण्यावर उचलली जाते, हळू चालली की खाली बसते. तीन, जाळीजवळ कापड, दोरी, गवत येऊ देऊ नये.

आबांना मी नियम वाचून दाखवले. दुसऱ्यावर त्यांनी हातातली तंबाखू तशीच ठेवली.

"उथळात पळवायची? कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आबा."

"त्या पुस्तकवाल्यानं आमची नदी बगितलीया का? उथळात दमानं जायाचं असतं, मास्तरीणबाई. माजं उभं आयुक्ष गेलं ह्या पान्यात."

तुम्ही दोघांकडे पाहिलंत. "आधी आबांचं," म्हणालात. "त्यांचं वय जास्त."

दोन डोहांच्या मध्ये घोट्याएवढं पाणी गोट्यांवरून खळखळत होतं. तुम्ही दमानं गेलात. बोट फूटभर आत शिरली आणि बसली, आणि पंपात गोटे शिरून डब्यात खडे खुळखुळवल्यासारखा आवाज झाला. खाली उतरून तुम्ही, आबा आणि सदू अशा तिघांनी ढकलली, जाळी साफ केली. मग तुम्ही म्हणालात, "आता नलिनीचं. पण आबा, तुम्ही पुढे बसा आणि हाताने दाखवा, खडक कुठे आहेत."

मी काठावर राहिले. मला पाण्याची भीती, आणि बोटीत बसायला तुम्ही कितीदा म्हटलंत तरी मी काही ना काही कारण काढत असे. काठावरून पाहिलं ते असं: आबा पुढे उकिडवे, पागोटं एका हाताने दाबलेलं, दुसरा हात डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तुम्ही मागे कासोटा खोचून उभ्या, चाक फिरवणाऱ्या, आणि बोट त्या घोट्याएवढ्या पाण्यावरून अशी गेली की खाली दगड कोरडे असते तरी तिला कळलं नसतं. परत आल्यावर आबा खाली उतरले आणि बोटीच्या तळाला हात लावून पाहिला.

"आयला," ते म्हणाले, "पान्याला लागलीच न्हाई!"

आपला वाद त्या दिवशी सुरू झाला.

आता जे लिहायचं आहे ते मी सतरा वर्षं लिहिलं नाही आणि कुणाला ऐकू जाईल असं बोललेही नाही.

आषाढातला रविवार होता, मी तुमच्याकडे आले होते. इंजिन तपासायला आलेला सदू सकाळी नऊच्या सुमारास नदीवरून सांगत आला की पलीकडे धोतर चढलंय. हौसाचे दिवस भरले होते हे तुम्हाला माहीत होतं. आदल्या वर्षी गेली त्या जावेचीच धाकटी जाऊ. तुम्ही बॅग उचललीत. आपण काठावर गेलो. पाणी मी कधी पाहिलं नव्हतं इतकं पसरलं होतं. खाचरांचे बांध दिसत नव्हते, मधल्या धारेत झाडाच्या फांद्या वाहत होत्या. सदूने इंजिन चालू केलं. आबा बांबू घेऊन पुढे बसले. तुम्ही चाकापाशी उभ्या राहिलात आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वन्सं, मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. घरी सासूबाई नदीची ओटी भरायच्या तेव्हा मी लांब उभी राहून, पाण्यात खण टाकण्यापेक्षा कुणा गरिबाला द्यावा, असं म्हणणारी सून होते. पण त्या सकाळी घरून निघताना माझ्या पिशवीत मी एक हिरवा खण घातला होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. का घातला होता? ठाऊक नाही. तुम्ही आज ना उद्या त्या पाण्यात जाणार हे मला माहीत होतं, आणि तुमच्यासाठी करता येण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. सगळं पुस्तक वाचून झालं होतं.

सगळे समोर पाहत होते. मी मागच्या बाजूने पाण्यात उतरले, घोट्यापर्यंत, आणि ओटी नदीत सोडली. मनात म्हटलं, हिला सांभाळ. नारळ एकीकडे गेला. खण पाण्यावर पसरला, सुंदर दिसत होता, आणि मग त्याचं एक टोक बोटीखाली सरकलं, आणि दुसरं. पाहता पाहता खण नाहीसा झाला. नियम तीन. माझ्याच अक्षरातला.

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्ही झाकण उचललंत आणि बोट निघाली.

खाचरांवरून ती छान गेली. बुडालेल्या बांधांवरून उड्या मारत गेली. मला वाटलं, नाही अडकला, बाहेर पडला असेल. आणि बरोबर मधल्या धारेच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज एकदम बारीक आणि उंच झाला. पंपाला पाणी मिळेना. आता तुम्हाला वळताही येत नव्हतं, मागेही येता येत नव्हतं. बोट आडवी झाली आणि खाली वाहू लागली. सदू माझ्या शेजारी होता, तो पळत सुटला काठाकाठाने. मी पळाले नाही. मला पाय आहेत हेच मला आठवत नव्हतं.

तुम्हाला वाचवलं आबांनी. त्यांनी बांबू टेकवून टेकवून बोट धारेच्या कडेने रेटली, पलीकडच्या अंगाच्या एका बुडालेल्या बांधापर्यंत, आणि तिथे ती बसली. उथळ होतं म्हणून बसली. मग मी पाहिलं, तुम्ही मागे जाऊन इंजिन बंद केलंत, पंपावरची चौकोनी झडप उघडलीत आणि खांद्यापर्यंत हात आत घातलात. ज्या हाताने तुम्ही शेकडो मुलं फिरवून बाहेर काढलीत त्याच हाताने. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. तुम्ही हात वर काढलात तेव्हा त्यात काहीतरी हिरवं होतं. ते तुम्ही बोटीत टाकलंत, झडप लावलीत, इंजिन चालू झालं, आणि बोट पुन्हा त्या सगळ्या पाण्यावर उचलली गेली.

तुम्ही पलीकडे उतरून धावत गेलात. धोतर बराच वेळ तसंच होतं. मग ते उतरलं. धावून परत आलेल्या सदूने टोपी काढली. मी खाली चिखलात बसले.

आणि मग धोतराच्या जागी एक लाल लुगडं चढलं, आणि वाडीत कुणीतरी ताट बडवू लागलं. या खुणेचं आधी काहीच ठरलं नव्हतं. पण कळायचं ते आम्हाला कळलं.

तुम्ही दुपारनंतर आलात, चिंब, आणि तुमच्या पदरात ओटी होती. हौसाच्या सासूने भरलेली. तुमचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी कपाळ मोकळं झालं; आपल्याकडच्या एकाही हळदीकुंकवात तुमची ओटी कुणी भरली नाही, मीसुद्धा नाही. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, "अगं, मला चालत नाही." आणि ती म्हातारी म्हणाली, "तुमच्यात चालत नसंल, बाई. आमच्यात चालतंय. गप बस आनि पदर पसर." नाचणी होती, एक काकडी आणि सुताची गुंडी. आबा हे सांगत होते आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता नदीकडे पाहत होतात.

मग तुम्ही खिशातून काढावा तसा कमरेला खोचलेला तो हिरवा खण काढलात, चिंध्या झालेला. "हे बघ, नलिनी. वरच्या गावात कुणीतरी ओटी भरली नदीची. तुझा तिसरा नियम. पण इथे वाचता कुणाला येतंय, हीच तर अडचण आहे. तू शिकलेली आहेस, या बायकांना जरा नीट समजावून सांग."

आणि मी समजावून सांगितलं! पुढच्या रविवारी घाटावर धुणं धुणाऱ्या सात-आठ बायकांपुढे उभी राहून मी अर्धा तास बोलले. यंत्र, जाळी, कापड, जीवाला धोका. आबांची बायको गुणाबाई धुणं आपटायची थांबली. तुम्ही दिलेली चिंधी तिने हातात घेऊन उलटीपालटी केली, तिच्या जरीच्या काठावरून बोट फिरवलं.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "असला खण आमच्यात कुनाकडं हाय वो? आमी टाकला तर साधा टाकू."

"तरी पण," मी म्हणाले, "पुन्हा कुणी टाकू नये."

"न्हाई टाकनार," गुणाबाई माझ्याकडे पाहत म्हणाली. "तुमी बी ध्यान ठेवा."

तिला कळलं होतं. तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मी का नाही सांगितलं, वन्सं? भीतीने नाही, तुम्ही रागावला नसतात. सांगितलं असतं तर पुस्तकाची बाजू संपली असती. जिने नियम लिहिला तिनेच तो मोडला, आणि जे पुस्तकात कुठेही नाही त्या आबांच्या बांबूने तुम्ही वाचलात, हे कबूल करावं लागलं असतं, आणि तुम्ही ते मरेपर्यंत मला ऐकवलं असतंत. आता ऐकवू शकत नाही, तर कबूल करते. पुस्तकाला खडक ठाऊक नसतात. पुस्तक वाचणारीलासुद्धा नसतात.

पुढे पाच पावसाळे तुम्ही बोट चालवलीत. मग वरच्या अंगाला पूल झाला. सदूने इंजिन काढून नेलं, ते नंतर बरीच वर्षं कुणाच्यातरी मळ्यात पाणी खेचत होतं. ॲल्युमिनियमची ती होडी वाडीवर गेली आणि तुमच्या भावाचं भाकीत खरं झालं: हौसाच्या त्या मुलीच्या लग्नात तिच्यात मांडवभर लोकांचा भात काढून ठेवला होता. तुम्ही पाटावर बसून त्यातला भात खाल्लात आणि म्हणालात, "इंजिनाचा वास येतोय अजून." दोनदा वाढून घेतलात.

पण मला शेवटी आठवतो तो हौसाच्या बाळंतपणाच्या वर्षीचा भाद्रपद. ऊन पडलं होतं, पाणी उतरत होतं, खाचरांमधून भात वर आला होता. तुम्ही म्हणालात, "चल, बस." मी म्हणाले, मला पेपर तपासायचे आहेत. तुम्ही म्हणालात, "मुलं नापास व्हायला थांबतील. बस." मी बसले, दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटून. मग उघडले. पाणी दोन्ही बाजूंनी काचेसारखं फाकत होतं. इंजिन असं गर्जत होतं की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता, आणि मला वाटलं, आता. आता सांगून टाकावं. मी सगळा जोर लावून ओरडले, "वन्सं, तो खण माझा होता!"

तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. तुम्ही इंजिनाचा जोर वाढवलात आणि चाक एकदम पूर्ण फिरवलंत. बोट जागच्या जागी गर्रकन फिरली, आणि नदी उठून माझ्या अंगावर आली, डोक्यापासून पायापर्यंत. मी डोळे पुसले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. पदर ओला होऊन खांद्याला चिकटला होता, तोंड उघडं, सगळे दात दिसत होते.

"काय म्हणालीस?" तुम्ही विचारलंत.

"काही नाही."

"मग धरून बस," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा चाक फिरवलंत.